रूबार्बला पाणी: पहिल्या वर्षापुरतं

इंग्लंडात एवढा पाऊस, मग रूबार्बला, म्हणजे आंबट देठांच्या या भाजीला, वेगळं पाणी कशाला, असं मलाही वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळलं. जून-जुलैत पंधरा दिवस कोरडे गेले की नवं रोप मान टाकतंच.

बहुतेक जण रोज थोडं थोडं शिंपडतात. ते नको. वरची माती ओली दिसते, मुळं तहानलेलीच राहतात. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, १० लिटरच्या दोन झाऱ्या सावकाश बुंध्याभोवती ओता. आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरं खाली ओल लागली तर झारी परत ठेवा.

दुसरी चूक याच्या उलट: गड्ड्यावर, म्हणजे मुळांच्या वर कोंब फुटतात त्या भागावर, पाणी साचू देणं. गड्डा कुजला की रोप गेलंच. चिकणमाती असेल तर उंचवट्यावर लावा. शेणखत भोवती पसरा, गड्ड्यावर नको.

भर दुपारी पानं लोळली तर घाबरू नका, संध्याकाळी उठतात. नाही उठली तर पाणी द्या. थंडीत जमिनीतल्या रोपाला पाणी घालू नका, ते झोपलेलं असतं.

आणि हो, पहिल्या वर्षी देठ तोडायचा मोह आवरा. पानं तर कधीच खायची नाहीत, विषारी असतात. अळू समजून चिरायला घ्याल! कोवळ्या देठांसाठी रोप झाकून अंधारात वाढवायचं तंत्र दोन वर्षांनी विचारा.