बैल निळा कसा? मुलाच्या चित्रातल्या रंगांना दाद देताना

‘मुलाचा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात, पण आम्हाला रंगांतलं काही कळत नाही. चुकलं तर सांगायचं की गप्प बसायचं?’ हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे नेहमी येतात. नऊ वर्षांच्या एका मुलाची आई हेच विचारत होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नातेवाइकांत मुलाचं बालचित्रकार म्हणून कौतुक. पोळ्याच्या चित्रात त्यानं पांढरा बैल निळा-जांभळा रंगवला आणि वर्गात ऐकून घ्यावं लागलं, ‘बैल कधी निळा असतो का?’ तेव्हापासून रंग उचलण्याआधी तो आईकडे बघतो, ‘हा देऊ का?’

आईला ते चित्र भिंतीला टेकवून सहा-सात फुटांवरून बघायला सांगितलं, डोळे किलकिले करून. असं बघितलं की रंगांची नावं मागे पडतात आणि उजेड-अंधार तेवढा उरतो. बैल गोठ्याच्या सावलीत उभा होता. पाठीच्या कण्यावर ऊन पडलं होतं, ती बोटभर पट्टी त्यानं कोरी सोडली होती. बाकी अंग फिकट निळं, पोटाखाली जांभळ्याकडे झुकत गेलेलं. शिंगांना केशरी हिंगूळ.

‘ताई, हा बैल कोणत्या रंगाचा वाटतो?’

‘पांढराच की,’ आई म्हणाली, आणि स्वतःच थबकली.

मुलानं हळूच सांगितलं, ‘सावलीत तो असाच होता.’ त्याचं खरं होतं. उघड्यावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड पोचतो आणि तो निळसर असतो. पांढऱ्या अंगावर ही झाक सगळ्यात जास्त उठते. बैल पांढरा हे मोठ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून ती नजरेतून सुटते. शिंगांचा केशरी इतका पेटलेला दिसत होता, त्याचंही श्रेय शेजारच्या निळ्याला. रंगचक्रात, म्हणजे रंग क्रमानं गोलात मांडले की, हे दोघे समोरासमोर येतात आणि शेजारी बसले की एकमेकांना उठाव देतात. ओले असताना एकमेकांत शिरले तर मात्र मातकट होतात. या मुलानं निळा वाळू दिला, मग शिंगं रंगवली, म्हणून कड स्वच्छ राहिली. दाद द्यायची ती या थांबण्याला आणि कोऱ्या सोडलेल्या पट्टीला.

आईला बोलायची एक रीत दिली. आधी जे दिसतं ते सांगा: ‘पाठीवर रंगच नाही, तिथं ऊन लख्ख वाटतं.’ मग विचारा: ‘पोटाखालचा जांभळा कसा केलास?’ तिसरं वाक्य गरजेचं नाही. मूल बोलू लागलं की ऐकायचं. ‘हा देऊ का?’ आलं तर होय-नाही न म्हणता एक कोरा तुकडा पुढे करा, ‘इथं लावून बघ, मग ठरव.’ ‘तू जन्मजात कलाकार आहेस’ हे वाक्य टाळाच. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998च्या अभ्यासात हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीबद्दल मिळालेली मुलं टिकून राहिली. बिरुद मिळालं की ते सांभाळायची धास्ती येते.

घरात कोच्चीच्या एडमंड थॉमस क्लिंट या बालचित्रकाराचं उदाहरण दिलं जात होतं. तो 1983 साली सात वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच गेला आणि मागे सुमारे 25 हजार चित्रं ठेवून गेला. त्याच्याशी तुलना कुठल्याच मुलाला झेपणारी नाही. पण त्या आकड्यातून घेण्यासारखं आहे: इतकी चित्रं प्रत्येक रंगाला परवानगी मागत होत नाहीत.

दोन गोष्टी तपासून घेतल्या. हिरवा-तपकिरी किंवा निळा-जांभळा यांत वारंवार गल्लत होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून रंगदृष्टी तपासावी. ठिपक्यांतले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. लाल-हिरव्याचा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त असतो. या मुलाची चाचणी व्यवस्थित आली. दुसरी शंका गडद रंगांची. एका चित्रातल्या काळ्या-जांभळ्यावरून मनातलं दुःख वाचता येत नाही. झोप, जेवण, खेळ, शाळा यांतही दोन-तीन आठवडे बदल दिसला, तरच त्याबद्दल वेगळं बोलावं लागतं.

सामानातही थोडी दुरुस्ती सुचवली. झेरॉक्सच्या 70-75 जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पातळ कागदावर जलरंग लावला की कागद फुगतो, खळग्यात रंग साचून डाग पडतात आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. किमान 200 जीएसएमचा कागद घ्यावा. पाण्याची दोन भांडी ठेवावीत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. रंग मळकट होण्याचं निम्मं कारण एकच गढूळ भांडं असतं. चार आणि दहा नंबरचे दोन गोल ब्रश पुरतात. काळी ट्यूब महिनाभर बाजूला ठेवून गडद छटा निळा आणि तपकिरी मिसळून करून बघायला सांगितलं. हे बंधन म्हणून लादू नका, खेळ म्हणून ठेवा, आणि त्यानं काळा मागितला तर लगेच द्या.

शाळेशी बोलताना आईनं भांडू नये, चित्र न्यावं आणि मुलालाच सावलीची गोष्ट सांगू द्यावी, असं ठरलं. पुढच्या भेटीत ‘हा देऊ का?’ थांबलं नव्हतं, कमी झालं होतं. आता तो आधी तुकड्यावर लावतो आणि मग विचारतो, ‘कोणता जास्त उन्हासारखा वाटतो?’ या प्रश्नाला आईनं मोकळेपणी उत्तर द्यायला हरकत नाही.