बेळगावात ओळखीच्यांना वजन कमी करायला मदत करतो, पण सगळे मधेच सोडतात, काय करू?

सल्ला कमी द्या आणि विचारा जास्त. 'कुंदा बंद, भात बंद' म्हटलं की माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन तेच खातो, त्यापेक्षा वजन का कमी करायचंय ते त्याच्याच तोंडून येऊ द्या, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलरनी १९८३ मध्ये दारूच्या पेशंटसाठी मांडलेली पद्धत अशीच आहे. मग एकच छोटी गोष्ट वेळ-जागेसकट ठरवा, म्हणजे सकाळचा चहा झाला की व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात २० मिनिटं चालणं. चुकलं तर रागवू नका हो, काय आडवं आलं ते विचारा. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बीपी-शुगरला फरक पडतो हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर लोक लवकर खचतात. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला लावा.