१२ व्होल्टच्या सोलर बॅटरीवरून २० मीटर अंतरावरच्या गोठ्यात ६० वॅटच्या एलईडी पट्ट्या: वायर किती जाडीची?

दीडची (१.५ स्क्वेअर एमएम) वायर एवढे अँपिअर सोसते, ती गरम होणार नाही. पण दिवे मंद जळतील. लो-व्होल्टेजमध्ये खरा घात करतो तो व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीतच वाटेत खर्च होणारे व्होल्ट.

हिशेब असा: ६० ÷ १२ = ५ अँपिअर. अंतर २० मीटर, पण करंट जाऊन परत येतो, म्हणून ४० धरा. इथेच बहुतेक जण चुकतात.

ड्रॉप = ४० × ५ × ०.०२ ÷ वायरचे स्क्वेअर एमएम

(०.०२ हा तांब्याच्या रोधाचा आकडा; पुस्तकात ०.०१७५ असतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या वायरला ०.०२ धरलेलं बरं.)

दीडला २.६७ व्होल्ट जातात, पट्टीला जेमतेम ९.३ उरतात. चारला १ व्होल्ट. सहाला ०.६७, म्हणजे साडेपाच टक्के, दिव्यांना चालतं. १२ व्होल्टच ठेवायचे असतील तर सहाची घ्या.

अजून खरेदी झाली नसेल तर मी २४ व्होल्टच सुचवेन: दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, पट्ट्याही २४ च्या, सोलरचा चार्ज कंट्रोलरही २४ ला चालणारा. करंट निम्मा होतो आणि अडीचच्या वायरीत ड्रॉप फक्त ०.८ व्होल्ट, साडेतीन टक्क्यांच्या आत. सहाच्या तांब्याचा भाव विचारून या, मग पटेल.

वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ड्रॉप साधारण दीडपट.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला वीतभर अंतरात लावा: १२ ला ७.५ अँपिअर, २४ ला ५. घरातला एसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे नको, डीसीचा आर्क, म्हणजे स्विच तुटताना उडणारी ठिणगी, त्याला तुटेलच असं नाही.