लोटन कबुतराला कोण लोटतं?

दर्यापूरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: 'आमच्या आठवडी बाजारात एक माणूस पांढरं कबूतर घेऊन बसला होता. नाव सांगितलं लोटन. म्हणे, "याले लोटलं का हे गोल फिरते, म्हनून लोटन." घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, तसं नाही, लोटांगणातला लोट आहे तो. खरं कोणाचं? आणि लिहायचं कसं, लोटन की लोटण?'

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. पण बाजारातला माणूस चुकला का, तेही समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठी कानाला त्याचा अर्थ अगदी सहज पटतो.

आपलं लोटणे म्हणजे ढकलणे. दार लोटून घे, केर लोट, गाडी फसली तर मागून लोटा. या अर्थी क्रियापदाला कर्म लागतं, कोणीतरी कशालातरी लोटावं लागतं. म्हणून लोटन म्हटलं की मनात पहिला प्रश्न येतो, याला लोटतं कोण? हिंदीतलं लोटना मात्र अकर्मक आहे. अर्थ लोळणे, गडबडा लोळणे. गाढव धुळीत लोटतं ते स्वतःच, त्याला कोणी ढकलत नाही. कबुतराचं नाव या हिंदी लोटनावरून आलेलं आहे. लोटन म्हणजे लोळणारं.

मी हे कबूतर लहानपणी मामाच्या गावी पाहिलं, अचलपूरच्या अलीकडे. तिथल्या एका चाचांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, कबुतरांची ढाबळ होती (वऱ्हाडीत ढाबय). लक्के होते, शेपटीचा पंखा करून छाती काढून चालणारे. गिरेबाज होते, उडता उडता हवेत गिरकी घेणारे. लोटन एकच जोडी होती. चाचांनी नर काढला, पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांत धरला, आडवा दोन-तीनदा हलवला आणि सारवलेल्या अंगणात ठेवला. क्षणभर तो नुसता उभा होता. मग मान मागे गेली, पाठीला टेकली, आणि मागच्या मागे कोलांटी. उठायच्या आत दुसरी, मग तिसरी. पंख जमिनीवर फटफट आपटत होते, सारवणाची धूळ पांढऱ्या पिसांना लागत होती. सात-आठ कोलांट्या झाल्यावर चाचांनी त्याला उचललं, चोचीवर हळूच फुंकर घातली. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि थांबला.

हलवलं होतं, लोटलं नव्हतं. लोळत होता तो आपणहून. त्या दिवशी हा शब्द मला कळला असं मी म्हणेन, कोश उघडले ते फार नंतर.

नाव काही आजकालचं नाही. अकबराच्या दरबारचा अबुल फजल सोळाव्या शतकाच्या शेवटी ऐन-ए-अकबरीत कबुतरांवर लिहितो, तेव्हा लोटन तिथे नावानिशी हजर आहे: हलवून जमिनीवर ठेवलं की चमत्कारिक हालचाली करत उड्या मारतं. चाचांची रीत तीच होती. दरबारात वीस हजारांवर कबुतरं होती आणि बादशहा या छंदाला इश्कबाजी म्हणे, हेही त्याच ग्रंथात. पुढे डार्विननं पाळीव प्राण्यांवरच्या 1868 सालच्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या या लोटनांची दखल घेतली. तोंडावर फुंकर मारून शांत करण्याची पद्धतसुद्धा त्यानं नोंदवली आहे. हे लोळणं शिकवून येत नाही, रक्तातूनच पिलांत उतरतं. आणि लक्का असो की लोटन, सगळ्यांचा मूळपुरुष एकच, आपल्या विहिरीच्या कपारीत घुमणारा पारवा, हेही डार्विननंच पटवून दिलं.

आता लोटांगण. लोट आणि अंग, म्हणजे अंग लोळवणे. आज आपण देवापुढे आडवं पडलो तरी त्याला लोटांगण म्हणतो, पण नवस फेडायला आलेला माणूस देवळाभोवती अंगानं लोळत प्रदक्षिणा घालतो, तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांसमोर असतो. संस्कृतात लुट्, लुठ् हे धातू लोळण्याच्याच अर्थाचे आहेत. हिंदीनं तो अर्थ क्रियापदात ठेवला. मराठीत क्रियापद ढकलण्याकडे सरकलं आणि लोळण्याचा अर्थ लोटांगणात उरला. धुराचे लोट म्हणतो तेव्हाही, मला वाटतं, एकावर एक लोळत येणारा धूरच डोळ्यांपुढे असतो. हसून लोटपोट होणं मात्र हिंदीकडून आलेलं. तेव्हा सासूबाईंनी जो धागा पकडला, तो मराठीत शिल्लक असलेला नेमका धागा आहे. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

राहिलं न आणि ण. क्रियापदावरून नाम करताना मराठीत ण येतो: झाकण, दळण, वळण. हिंदीत न येतो: ढक्कन, बेलन, झाडन. शब्द मराठीत घडला असता तर लोटण झाला असता. न आहे म्हणजे तो हिंदी-उर्दू बोलणाऱ्या कबूतरबाजांच्या तोंडून आपल्याकडे आला. पण हा पुरावा वऱ्हाडात ऐकून सापडायचा नाही! आपण पाण्याला पानी म्हणतो, लोण्याला लोनी. वऱ्हाडी तोंडी लोटण असता तरी त्याचा लोटनच झाला असता. म्हणून इथे कानावर नाही, लिहिण्यावर भर द्यावा लागतो, आणि लिहिताना लोटन हेच बरोबर. ळ चा य करणाऱ्या आपल्या बोलीत याच अर्थाचं स्वतःचं क्रियापद आहेच: गधं उकिरड्यावर लोयते. या पक्ष्याचं नाव वऱ्हाडीनं ठेवलं असतं तर लोयनं कबूतर म्हटलं असतं, आणि कोण लोटतं हा प्रश्न कोणालाच पडला नसता.

जाता जाता, खानदेशात जुन्या पिढीत लोटन हे पुरुषांचं नाव बरंच आढळतं. त्याचा कबुतराशी संबंध लावू नये. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेल्या दगडू, धोंडू, केरू यांच्या पंगतीतलं ते नाव आहे, असं माझं मत.

तुमच्याकडे कोणी हट्ट धरून ते कबूतर घरी आणलंच, तर एक सांभाळा. गंमत म्हणून पुन्हा पुन्हा लोळवू नका. उचललं नाही तर मरेपर्यंत लोळत राहतं, असं पूर्वीपासून सांगतात, डार्विननंही ते ऐकून लिहून ठेवलं आहे. दोन-तीन कोलांट्या झाल्या की उचलायचं आणि चोचीवर हळूच फुंकर घालायची.