मुलूखमैदान : मुलूख नव्हे, मलिक

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय, "वक्त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणतात ते तो मुलूख गाजवतो म्हणून का? आणि 'लू' ऱ्हस्व की दीर्घ?"

मुलूख गाजवण्याचा इथे काडीचाही संबंध नाही! सांगलीत सभा कुठलीही असो, घसा ताणून बोलणारा उठला की निवेदक हे विशेषण चिकटवून मोकळा होतो. हे विजापूरच्या एका खऱ्याखुऱ्या तोफेचं नाव, मूळ मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. आपल्या जिभेने मलिकचा मुलूख केला.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही शब्द अरबीतल्या म-ल-क या एकाच धातूचे. अर्थ ताब्यात असणे. मालक, मालकी ही त्याचीच लेकरं. माझ्या मते मिळकतसुद्धा. काही जण ती 'मिळणे'वरून लावतात. मग 'वडिलोपार्जित स्थावर मिळकत' कशी लावणार? खरेदीखतातली मिळकत म्हणजे सरळ मालमत्ता. गुजरातीतही 'मिलकत' म्हणजे मालमत्ताच. ही 'मिल्कियत'ची, म्हणजे मालकीहक्काची, सोयरीक आहे. कमाईचा अर्थ 'मिळणे'च्या शेजाराने मागाहून लागला, हे मी ठामपणे म्हणतो.

हा ताब्याचा अर्थ तोफेच्या अंगावरच घडवलाय. जत ओलांडून विजापूर गाठा आणि शर्झा बुरुजावर तिच्या तोंडासमोर उभे राहा. १५४९ साली महंमद बिन हुसेन रूमीने अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. (हिला पंचधातूची म्हणणंही थांबवा, घंटेचं कासं आहे ते, तांबं आणि कथील.) तोंड म्हणजे हिंस्र श्वापदाचा वासलेला जबडा, आणि सुळ्यांआड दोन्ही बाजूंना चिरडला जाणारा हत्ती. हत्ती म्हणजे राजवैभव, शत्रूचं सैन्य. दुसऱ्याचं बळ गिळून आपलं करणं, हेच त्या जबड्याचं सांगणं. गडगडाटाचा तिथे मागमूस नाही. १६८६ साली विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने मलिक-ए-मैदान जिंकल्याचा लेख तिच्यावरच कोरवला, तो उगाच नाही. धन्याचा धनी झाल्याची ती नोंद! आणि १८५४ साली इंग्रजी अमलात याच मलिकला लिलावात बोली लागली दीडशे रुपयांची. विक्री रद्द झाली म्हणून तोफ वाचली.

तेव्हा नुसता आवाज मोठा असेल तर 'तोफ' म्हणा. मुलूखमैदान म्हणायचं ते सभा मुठीत घेणाऱ्याला, मग तो हळू का बोलेना.

'लू' दीर्घ, मुलूखगिरीसारखाच.