सिंगल-कट बॉडीच्या बेस गिटारचा खरंच काही फायदा असतो, की नुसता दिसण्याचा भाग?

फायदा आहे, पण विक्रेते सांगतात तेवढा नाही. सिंगल-कटमध्ये, म्हणजे एकाच बाजूला खाच असलेल्या बॉडीत, बॉडीची वरची बाजू नेकला (गिटारच्या लांब दांड्याला) लांबवर, बऱ्याचदा बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) आसपासपर्यंत चिकटलेली असते. त्यामुळे जोड ताठ होतो आणि नेक कमी थरथरते. बऱ्याच बेसवर ‘जी’ (G) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर वाजताच विझतो, तो डेड स्पॉट इथे सौम्य होऊ शकतो किंवा दुसरीकडे सरकतो. नाहीसा होईलच असं नाही. पाच-सहा तारांच्या बेसवर लो बी (B) ही सर्वांत जाड तार न दाबता छेडून ऐका. फरक असलाच तर तिथे कळेल. बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्या फोडेरा कंपनीच्या सहा तारांच्या बेसमुळे हा आकार गाजला, तो उगाच नाही.

तरी स्केल लेंथ (तारेची वाजणारी लांबी), तारा आणि नेकचं लाकूड यांचा वाटाही मोठा, सगळं श्रेय आकाराला देऊ नका.

अडचण वजनाची, आणि अंगठ्याचीही: वरच्या फ्रेटवर जाताना नेकमागे अंगठ्याला जाड लाकूड आडवं येतं. कॉर्ड किंवा सोलो वाजवणाऱ्यांनी घेण्याआधी पट्टा लावून, उभं राहून वाजवून बघावं. चार तारांवर साध्या बेसलाइन वाजवत असाल तर दोन्ही बाजूंना खाच असलेला डबल-कटच घ्या.