अर्थ बदल, पण सांगून बदल

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा थोडं चिडून, आणि तिसऱ्यांदा एका ओळीपाशी अडकलो: ‘चर्चमध्ये बाबांच्या शेजारी उभी राहून एकाच देवावर मी विश्वास ठेवते असं म्हणते, तेव्हा मी खोटं बोलते का?’ आधीची चार पानं तू तर्कशास्त्रावर खर्च केलीस. ती नेटकी आहेत. पण खरं दुखणं या ओळीत आहे, आणि तुलाही ते ठाऊक असणार. नाहीतर ती अशी पानाच्या तळाशी, घाईत खरडल्यासारखी आली नसती.

तरी आधी तर्काचं उरकू, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्याचं. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पिता म्हणजे पुत्र नव्हे, आणि देव एकच आहे. चार वाक्यं एकाखाली एक मांडलीस आणि खाली ‘विसंगत’ असा शिक्का मारलास. ‘आहे’ या शब्दाला सगळीकडे एकाच कामाला जुंपलंयस का, ते तपासलंस? ‘शुक्र म्हणजेच पहाटतारा’ हे एक, आणि ‘शुक्र तेजस्वी आहे’ हे दुसरं. पहिल्या अर्थानं घेतलंस तर तुझा शिक्का बरोबर. दुसऱ्या अर्थानं घेतलंस तर विसंगती जाते, पण मग देव एकच कसा, हे नव्यानं सांगावं लागतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वाक्य ग्रीकमध्ये बघ: आरंभी शब्द होता, शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता. शब्द ज्या देवासह होता त्या देवाआधी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखं) आहे, ‘शब्द देव होता’ यातल्या देवाआधी नाही. मराठीत उपपदच नसल्यानं दोन्हीकडे नुसता ‘देव’ दिसतो, आणि एवढ्याशा जागेवरून माणसं किती भांडली याचा पत्ताही लागत नाही.

आणि ती भांडली ती मूर्ख म्हणून नव्हे. ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं ‘उसिया’ आणि ‘हिपोस्टेसिस’ हे दोन ग्रीक शब्द जवळजवळ एकाच अर्थानं वापरले. पुढं एक गट म्हणू लागला, हिपोस्टेसिस तीन. दुसरा म्हणाला, एकच. दोघांनाही समोरचा पाखंडी वाटायचा. ३६२ साली अलेक्झांड्रियात तिथला बिशप अथनेशियस याच्या पुढाकारानं सभा भरली, आणि तिथं एक अगदी साधी गोष्ट झाली. दोन्ही बाजूंना विचारलं, या शब्दानं तुम्हाला काय म्हणायचंय? उत्तरं ऐकल्यावर कळलं की म्हणणं एकच आहे, शब्द तेवढे आडवे आलेत. मग कॅपाडोशियाच्या धर्मपंडितांनी दोन शब्दांची कामं वेगळी केली: उसिया, म्हणजे मूळ तत्त्व, एक; हिपोस्टेसिस, म्हणजे व्यक्ती, तीन. शब्दाचा अर्थ बदलला, पण चारचौघांत, सांगून.

माझ्या सगळ्या वाचनाचा अर्क मागितलास तर तो एवढाच आहे. अर्थ बदल, पण सांगून बदल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांचा १९५० चा छोटासा निबंध तू ‘देववाद्यांची कबर’ म्हणून पाठवलास. पुन्हा वाच. देव आपल्यावर बापासारखं प्रेम करतो, असं कुणी म्हणतं. मग घशाच्या कर्करोगानं मरणारं मूल दिसतं. खालचा बाप जिवाचं रान करतो, वरचा हलत नाही. तेव्हा म्हणणारा पुस्ती जोडतो, देवाचं प्रेम नुसतं माणसासारखं नसतं. मग आणखी एक पुस्ती. अशा हजार पुस्त्यांनी मूळ विधान मरतं, हा फ्ल्यूंचा आरोप. तो प्रेमावर नाही, देवावरही नाही. अर्थ गुपचूप काढून घ्यायचा आणि शब्द तसाच मिरवायचा, यावर आहे.

आता शेजारी तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस ठेव. तोही म्हणतो की देव ‘चांगला’ आणि माणूस ‘चांगला’ यांत अर्थ तंतोतंत एक नाही. पण ते तो पहिल्याच पायरीला सांगतो. माणूस निरोगी असतो आणि औषधालाही निरोगी म्हणतात, कारण ते निरोगी करतं. अर्थ वेगळे, पण एकमेकांना धरून. हे साम्य देवापर्यंत पोचतं का? मला शंका आहे. पण हा गृहस्थ पत्ते मेजावर उताणे ठेवून खेळतो. आणि कृपा करून नास्तिक सोवळे आहेत असं समजू नकोस. ‘विश्वास म्हणजे पुराव्याविना मानणं’ अशी व्याख्या आधी खिशात घालायची आणि मग विश्वास ठेवणाऱ्याला पुरावा मागायचा, ही तीच हातचलाखी. तुझ्या दुसऱ्या पानावर आहे ती.

विश्वासाचंच बघ. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय की देव एकच आहे हे भुतंही धरून चालतात आणि थरथर कापतात. म्हणजे ‘देव आहे असं मानणं’ आणि ‘देवावर विश्वास टाकणं’ या दोन गोष्टी आहेत हे तेव्हाही कळत होतं. आपल्याकडे तर तिसरीही आहे, ‘देव मानणं’. त्यात असणं, आदर, शरण जाणं सगळं मुरलेलं. फार सोयीचा शब्द. या शब्दानं माझा घात केला, म्हणून सांगतो.

माझा एक जुना मित्र शेवटच्या आजारात होता. आयुष्यभर आम्ही यावर वाद घातले होते. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, ‘तू मानतोस ना?’ मी म्हणालो, ‘हो.’ माझ्या मनात होतं, त्या जगण्याच्या रीतीला मी मान देतो. त्याच्या मनात होतं, पलीकडे कुणीतरी वाट बघतंय. त्यानं डोळे मिटले, मी त्याचा हात धरून बसलो. व्याख्या करत बसायची ती वेळ नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो, आणि ज्यांनी तसा हात कधी धरला नाही त्यांनी मला शिकवू नये. फक्त, तो माणूस तीस वर्षं माझ्याशी भांडला ते मी शब्द चोख वापरतो म्हणून, आणि शेवटी मी त्याला दुसऱ्याच अर्थाचं नाणं दिलं. त्याला चाललं असतं का? असतं, असं मला वाटतं. विचारायला हवं होतं, असंही वाटतं. जाऊ दे.

तर तुझी ओळ. नायसियाच्या श्रद्धासूत्राच्या मूळ ग्रीक पाठात ते वाक्य ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असं आहे, ‘मी’ उपासनेत आला. कुणीतरी तुला सांगेल की त्या ‘आम्ही’त उभी राहा, म्हणजे एकटीचा हिशेब द्यावा लागणार नाही. मला ती पळवाट वाटते. त्यापेक्षा मार्काच्या शुभवर्तमानातला तो बाप बरा. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर, असं तो एका दमात म्हणतो. तर्कात बसवायला गेलीस तर ते वाक्य फुटतं. पण त्यानं काही लपवलेलं नाही.

तू खोटं बोलतेस का, हे मी इथून कसं सांगू? बाबा ते वाक्य कोणत्या अर्थानं म्हणतात, हे मला ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. चार पानांत तू अनेकांची मतं दिलीस, त्यांचं एकही नाही. या रविवारी बाहेर पडल्यावर त्यांना विचार: ‘एकाच देवावर’ म्हणताना तुमच्या मनात काय असतं? मधे बोलू नकोस. मग तुझ्या मनात काय असतं ते सांग, अर्धवट असलं तरी. ते काय म्हणाले, मला कळव. माझ्यासाठी.